हिराकस, मायफळ आणि फ्रेंच पाद्र्यांच्या वह्या

थुंकी पाठवा, पूर्वज मिळवा, अशा डीएनए चाचण्यांच्या जाहिरातींचा सध्या सुळसुळाट आहे. फ्रान्समध्ये मात्र निव्वळ हौसेखातर अशी चाचणी करून घेणं गुन्हा आहे. ३७५० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तिथे खापरपणजा शोधायचा तर जुन्या चर्चच्या वह्याच उघडाव्या लागतात. माझ्या मते ते बरंच आहे. चाचणी टक्केवारी हातात देते. वहीतून कळतं की बाप शेतमजूर होता, बाप्तिस्म्याला शेजारीण धर्ममाता म्हणून उभी राहिली आणि कोणालाच सही येत नव्हती.

बाप्तिस्म्यांची नोंद ठेवण्याचा हुकूम राजा पहिल्या फ्रान्स्वाने १५३९ मध्ये काढला. १६६७ पासून प्रत्येक वहीच्या दोन प्रती सक्तीच्या झाल्या, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयाच्या दप्तरात. सप्टेंबर १७९२ मध्ये क्रांतिकारकांनी हे काम पाद्र्यांकडून काढून नगरपालिकांकडे दिलं. आज यातल्या बहुतेक वह्यांची छायाचित्रं जिल्हा अभिलेखागारांनी इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत.

वाचायला बसलं की मोडीची आठवण येते. लेखणी न उचलता ओढलेली अक्षरं आणि जागोजागी तोडलेले शब्द. महिन्यांची तर गंमतच. सातचा आकडा आणि पुढे ‘ब्र’ असं दिसलं की नवखा माणूस बेधडक जुलै लिहून मोकळा होतो. तो सप्टेंबर असतो, कारण रोमन लोकांचं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं आणि सप्टेंबर सातवा यायचा. आई-बापाचं लग्न आदल्या नोव्हेंबरातलं असेल, तर या एका चुकीने दहा महिन्यांचे आठ होतात आणि खापरपणजीवर उगाच बालंट येतं.

पण माझा खरा जीव जडलाय तो शाईवर. ती बनायची मायफळ, हिराकस आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक यांपासून. मायफळ म्हणजे बाळगुटीत उगाळतात तेच, ओकच्या झाडावर गांधीलमाशीसारख्या कीटकामुळे येणारी गाठ. तिच्यातल्या टॅनिनपासून गॅलिक आम्ल मिळतं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. दोन्ही पाण्यात मिसळले की फिकट, विरघळणारं संयुग तयार होतं. लिहिताना शाई फिकीच दिसते आणि कागदाच्या तंतूंत मुरते. मग हवेतला ऑक्सिजन लोहाचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो, फेरसचं फेरिक होतं आणि काळंभोर, न विरघळणारं संयुग तंतूंतच अडकून बसतं. म्हणून ती धुऊन जात नाही. आपल्या पोथ्यांची काजळाची शाई कागदावर नुसती बसते. तिची कागदाशी रासायनिक देवघेव नसते.

या टिकाऊपणाची किंमत कागद मोजतो. अभिक्रियेत सल्फ्युरिक आम्ल उरतं आणि ते सेल्युलोजच्या, म्हणजे कागदाचे तंतू ज्याचे बनतात त्या पदार्थाच्या, लांब साखळ्या तोडतं. त्यातच हिराकस जास्त पडलं असेल, आणि जुन्या कृतींत ते बरेचदा पडायचं, तर उरलेलं फेरस लोह ऑक्सिजनच्या मदतीने हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे समोर येईल त्याच्याशी अभिक्रिया करणारे अस्थिर कण, घडवतं. तीही त्याच साखळ्यांवर तुटून पडतात आणि लोह पुन्हा पुन्हा कामाला येतं. दमट हवेत हे आणखी वेगाने चालतं. शेवटी अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक राहतं.

नुसती फिकी पडून तपकिरी झालेली शाई मात्र परत दिसू शकते. अतिनील प्रकाशात कागद निळसर चमकतो, पण शाईचे अवशेष तो प्रकाश शोषतात. उजळ कागदावर अक्षर गडद उठतं. घरी एवढं जमत नाही. पण छायाचित्र रंगीत असेल तर त्यातला फक्त निळा रंगपट वेगळा करून बघा, तपकिरी शाई बरेचदा स्पष्ट होते. काळ्यापांढऱ्या मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या चित्रात हा उपाय चालत नाही. ‘आता एआय सगळं वाचतं’ म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. पुसट आडनावापुढे संगणक अडखळत नाही, ठोकून देतो, आणि ते चुकीचं आडनाव पुढे दहा वंशावळींत उतरतं.

त्यापेक्षा दुसरी प्रत मागवावी. ती वेगळ्या इमारतीत, वेगळ्या हवेत राहिलेली असते, त्यामुळे तिच्यात तेच अक्षर शाबूत असण्याची शक्यता चांगली. पॅरिसमध्ये मात्र तीही सोय नाही. मे १८७१ मध्ये कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या बंडखोर क्रांतिकारी सरकारच्या, अखेरच्या दिवसांत नगरभवन आणि न्यायमंदिर दोन्हींना आगी लागल्या आणि १८६० पूर्वीच्या दोन्ही प्रती जळाल्या. पुढे लोकांकडच्या कागदांवरून त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांश नोंदीच पुन्हा उभ्या करता आल्या.