पितळभट्टीचे अवशेष (सोलापूर परिसर)

पितळ करण्याच्या वा ओतण्याच्या जुन्या जागी उरलेले मुशींचे (धातू वितळवण्याच्या मातीच्या भांड्यांचे) तुकडे, भाजलेली माती, कोळसा व धातूचे थेंब. सोलापूर जिल्ह्याचा खडक दख्खनचा बेसाल्ट; त्यात तांब्याचे वा जस्ताचे गाळण्याजोगे धातुक (धातू असलेला दगड) नाही. म्हणून इथल्या ओताऱ्यांची भट्टी बाहेरून आलेला धातू आणि मोड (जुनी मोडकी भांडी) वितळवणारीच समजावी. शेतात मिळणारे जड काळे कीट (भट्टीत उरणारा मळ) बहुधा लोहाराचे असते.

पितळ दोन रीतींनी होते. जुन्या रीतीत तांब्याचे तुकडे, जस्ताचे धातुक व कोळशाची पूड झाकणबंद मुशीत तापवतात. जस्त ९०७° से.ला उकळते, तांबे १,०८५° से.ला वितळते, त्यामुळे आच या दोहोंच्या मध्ये ठेवली की जस्ताची वाफ घन तांब्यात मुरते. दुसऱ्या रीतीत वितळलेल्या तांब्यात थेट जस्त घालतात. पहिल्या रीतीने जस्त २८ टक्क्यांपलीकडे जात नाही, असे मानून तक्षशिलेच्या सुमारे ३४ टक्के जस्ताच्या पात्रावरून (सामान्यतः इ. स. पू. चौथे शतक) धातुरूप जस्ताचे प्राचीनत्व मांडले जाते. मात्र नेहेमाया चॅम्पियन या इंग्रज पितळकाराने १७२३ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टलला दाणेदार तांबे वापरून हे प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास नेले. तेव्हा एका पात्रावर एवढा भार टाकू नये. राजस्थानातील जावर येथील, एका वेळी ३६ वांग्याच्या आकाराच्या मुशी मावणाऱ्या ऊर्ध्वपातन (जस्ताची वाफ थंड करून धातू मिळवण्याच्या) भट्ट्या हा अधिक भक्कम पुरावा. तेथील मोठे उत्पादन साधारण १२ ते १४ व्या शतकापासूनचे दिसते.

मुशीचा तुकडा आडवा तोडून पाहावा. बंद मुशीच्या भिंतीत जस्त आरपार मुरलेले असते. ओतकामाच्या उघड्या मुशीत ते मुख्यतः आतल्या काचेरी थरात सापडते. वाफेमुळे मातीत जस्त तांब्याच्या मानाने फार जास्त भरते, म्हणून मुशीवरून मिश्रणाचे प्रमाण काढणे चूक. जस्त तापलेल्या तांब्यात वरून टाकले तर पांढरा धूर होऊन उडते. ते चिमट्याने तळाशी दाबून वर कोळशाची पूड पसरावी लागते. साचा ओलसर राहिला की वाफेने ओतीव भांड्यात पोकळ्या पडतात. असा वाया गेलेला माल पुन्हा मुशीत जाई, त्यामुळे तो जागेवर क्वचितच मिळतो.

जुन्या गावठाणाची पांढरी माती घरांच्या सपाट धाब्यांवर आणि खत म्हणून शेतांत नेली गेली. तिच्याबरोबर मुशींचे तुकडेही जातात. पृष्ठभागावरचा तुकडा भट्टीची जागा दाखवतोच असे नाही, त्याखाली भाजलेल्या मातीचा थर हवा. धातूच्या थेंबाचा पृष्ठभाग तपासून भागत नाही: जमिनीतील ओलीने जस्त निघून जाते, वर तांबूस कवच उरते आणि पितळ तांबे वाटते. थेंब कापून गाभा तपासावा.