लॅव्हेंडर अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे ‘जास्त कडक’ तेल नव्हे

लॅव्हेंडर अ‍ॅब्सोल्यूट हे साध्या लॅव्हेंडर तेलाचंच अधिक शुद्ध, अधिक तीव्र रूप, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. फूल एकच असलं तरी अर्क काढायची रीत वेगळी, त्यामुळे हाती येणारा पदार्थही वेगळा.

तेल वाफेच्या ऊर्ध्वपातनाने निघतं. वाफेबरोबर उडणारं तेवढंच त्यात येतं, मुख्यतः लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट ही सुगंधी रसायनं. म्हणून ते पातळ, जवळपास रंगहीन असतं. वास स्वच्छ, ताजा, किंचित कापरासारखा. आपल्याकडे जम्मूतल्या भदरवाहला निघतं ते हेच.

अ‍ॅब्सोल्यूटसाठी फुलं हेक्झेनसारख्या द्रावकात भिजवतात. त्यातून मेणचट ‘काँक्रीट’ मिळतं, ते अल्कोहोलने धुऊन मेण वेगळं काढतात आणि अल्कोहोल उडवून टाकतात. उरतो तो गर्द हिरवा, दाटसर अर्क. वाफेत सहज न येणारं कुमारिन हे गोडसर वासाचं रसायन यात भरपूर उतरतं, म्हणून वासात वाळल्या गवताचा, मधाळ गोडवा येतो. कापराची धार बोथट होते आणि गंध त्वचेवर जास्त वेळ टिकतो. शेतातल्या फुलाच्या जवळ जाणारा वास हवा असेल, तर माझ्या मते हाच सरस.

पण अ‍ॅब्सोल्यूटची जागा अत्तरात, परफ्यूममध्ये. डिफ्यूझरमध्ये, म्हणजे खोलीत सुगंध पसरवणाऱ्या उपकरणात, हा दाट अर्क घालू नका, तिथे तेलच बरं. पांढऱ्या साबणाला तो हिरवट छटा देतो, कपड्यावर डाग पाडतो. आणि दोन्हींपैकी काहीही त्वचेवर लावायचं तर पातळ करूनच.