घरं पाडण्याचं गणित

30 मार्च 1942 रोजी ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्यापुढे एक छोटं टिपण आलं. लिहिणारे होते त्यांचे विश्वासू वैज्ञानिक सल्लागार लॉर्ड चेरवेल, म्हणजेच ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडेमन. टिपणातला हिशेब सरळ होता. दाट वस्तीवर 1 टन बॉम्ब पडले की 100 ते 200 माणसं बेघर होतात. एक बॉम्बफेकी विमान नष्ट होईपर्यंत साधारण 14 फेऱ्या मारतं आणि सुमारे 40 टन बॉम्ब टाकतं. म्हणजे एका विमानामागे 4 ते 8 हजार बेघर. लाखावर वस्तीची जर्मन शहरं 58, त्यांची लोकसंख्या सुमारे 2 कोटी 20 लाख. पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत 10,000 विमानं तयार होतील. त्यातल्या निम्म्यांनी जरी आपले बॉम्ब या शहरांवर टाकले, तरी तिथली बहुतेक माणसं, म्हणजे जर्मनीची एक तृतीयांश जनता, उघड्यावर येईल. आणि जवळची माणसं मेल्यापेक्षाही घर पडल्याने लोक जास्त खचतात, असं टिपण सांगत होतं.

ब्रिटनने जर्मन शहरांवर केलेली ही बॉम्बफेक नैतिक होती का आणि तिचा उपयोग झाला का, हे प्रश्न वेगवेगळे मांडायची पद्धत आहे. मला ते वेगळे करता येत नाहीत. ‘क्रूर होतं, पण गरजेचं होतं’ असं म्हणणारा माणूस गरजेचा दावा करत असतो, आणि तो दावा तपासता येतो. इथे तर तो तेव्हाच तपासला गेला होता.

मुळात शहरांवरच नेम का धरला? कारण त्याहून लहान लक्ष्य रात्री सापडतच नव्हतं. चेरवेल यांच्याच सांगण्यावरून डेव्हिड बट या तरुण अधिकाऱ्याने 1941 च्या जून-जुलैमधल्या 100 हल्ल्यांचे विमानांतून काढलेले फोटो पाहिले. ‘आम्ही लक्ष्यावर बॉम्ब टाकले’ असं सांगणाऱ्या विमानांपैकी फक्त एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या 8 किलोमीटरच्या आत पोचली होती. धुरकट, कारखान्यांनी गजबजलेल्या रूर खोऱ्यात तर दहातलं एक. कारखाना सापडत नसेल तर कामगारांची वस्ती तरी सापडेल, असा विचार पुढे आला. 14 फेब्रुवारी 1942 च्या आदेशात शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः कामगारांचं, मनोधैर्य हेच मुख्य लक्ष्य ठरवलं गेलं. नेम वस्त्यांवर धरायचा, गोद्यांवर किंवा विमान कारखान्यांवर नाही, असा खुलासा हवाई दलप्रमुख पोर्टल यांनी लगेच लिहून दिला.

मनोधैर्य खचतं का, हे मोजायची सोय ब्रिटनमध्येच होती, कारण जर्मन विमानांनी त्यांची शहरं आधीच भाजून काढली होती. माकडांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे शरीरशास्त्रज्ञ सॉली झुकरमन आणि स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी हल आणि बर्मिंगहॅम या दोन शहरांची पाहणी हाती घेतली. किती घरं पडली, किती लोक कामावर गेले नाहीत, आजारपण वाढलं का, कारखान्यांचं उत्पादन किती घटलं, सगळं नोंदलं गेलं. हलमधल्या शाळकरी मुलांकडून हवाई हल्ल्यात आपलं काय झालं आणि आपण काय केलं, यावर निबंधही लिहून घेतले. निष्कर्ष निःसंदिग्ध होता: दोन्ही शहरांत घबराटीचा पुरावा नाही, लोकांच्या आरोग्यावर मोजता येईल असा परिणाम नाही. पण अंतिम अहवाल एप्रिलमध्ये आला. चेरवेल यांनी त्याच पाहणीचा हवाला देत त्याआधीच उलटा अर्थ लावून टाकला होता.

हेन्री टिझर्ड आणि पॅट्रिक ब्लॅकेट या दोन वैज्ञानिकांनी टिपणातलं अंकगणितही खोडून काढलं. इतकी विमानं तयार होणार नाहीत, आणि झाली तरी इतके बॉम्ब वस्तीवर पडणार नाहीत. टिझर्ड यांच्या मते अंदाज पाचपट फुगलेला होता, ब्लॅकेट यांच्या मते सहापट. युद्धानंतर मोजलं तर तो दहापट निघाला. ब्लॅकेट तेव्हा नौदलासाठी काम करत होते, आणि हीच लांब पल्ल्याची विमानं अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांवर सोडली तर कितीतरी अधिक उपयोग होईल, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं होतं. (हेच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर संरक्षण-विज्ञानाच्या बाबतीत नेहरूंचे सल्लागार झाले.) दोघांचंही ऐकलं गेलं नाही.

पुढे काय झालं ते हँबर्गमध्ये दिसलं. 27 जुलै 1943 ची रात्र, हवा कोरडी आणि उष्ण. आधी मोठ्या स्फोटक बॉम्बनी छपरं आणि खिडक्या उडवल्या, मग दोन किलोपेक्षाही हलक्या मॅग्नेशियमच्या आगलाव्या कांड्या लाखोंनी पडल्या. वेगवेगळ्या आगी एकमेकींना मिळाल्या आणि अख्खा भाग धुराड्यासारखा ओढू लागला. तापलेली हवा वर जायची आणि तिची जागा घ्यायला चहूकडून वादळी वेगाने हवा आत घुसायची. त्या वाऱ्याने माणसं ओढली गेली, रस्त्यांचं डांबर वितळलं. तळघरांत आसरा घेतलेले कित्येक जण ज्वाळा अंगाला न लागताच गेले, कार्बन मोनॉक्साइडने आणि उष्णतेने. आठवडाभराच्या हल्ल्यांत 35 ते 40 हजार माणसं मेली, बहुतेक त्या एका रात्रीत. आणि पाच महिन्यांत हँबर्गचं उत्पादन पुन्हा पूर्वीच्या 80 टक्क्यांपर्यंत पोचलं.

80 टक्क्यांचा हा आकडा अमेरिकेने बॉम्बफेकीच्या परिणामांची जी युद्धोत्तर पाहणी केली, तिच्यातला. मनोधैर्याच्या भागाचं काम तिथे रेन्सिस लिकर्ट पाहत होते. ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशी उत्तरं मागणारे फॉर्म आपण सगळेच भरतो, ती पट्टी यांचीच. त्यांच्या लोकांनी हजारो जर्मन नागरिकांच्या मुलाखती घेतल्या. लोक खचले होते, हे खरं. पण बॉम्ब वाढवत नेले तसं खचणं त्या प्रमाणात वाढलं नाही. मुख्य म्हणजे खचलेला माणूसही कामावर जात राहिला. घर गेल्यावर रेशन, कपडे, डोक्यावर छप्पर यांसाठी तो सरकारवरच जास्त अवलंबून झाला. सरकारविरुद्ध बोलायची सोय नव्हती, गेस्टापोची, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांची, भीती होती. निराशेचं बंडात रूपांतर व्हायला जी वाट लागते ती हुकूमशाहीत बंदच असते. शहरं जळत असताना, 1942 ची सुरुवात ते 1944 चा उन्हाळा या काळात, जर्मनीचं शस्त्रास्त्र उत्पादन जवळपास तिप्पट झालं.

बॉम्बफेक निरुपयोगी होती, असं मात्र म्हणता येणार नाही. तिच्यामुळे हजारो तोफा, लाखो माणसं आणि लढाऊ विमानं जर्मनीच्या आकाशाच्या रक्षणात अडकून पडली. ती रशियन आघाडीवर गेली असती. मे 1944 पासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा विमानाच्या पेट्रोलचं उत्पादन एप्रिलमधल्या 1,75,000 टनांवरून सप्टेंबरपर्यंत 5,000 टनांवर आलं. विमानं बनत होती, पण उडवायला पेट्रोल नव्हतं. पुढे रेल्वेवरच्या हल्ल्यांनी कोळसा अडला. जे चाललं ते इंधनावर आणि वाहतुकीवर मारलेले घाव. आर्थर हॅरिस यांना मात्र हे फाटे वाटत. बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटनच्या बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे, हे प्रमुख शेवटपर्यंत शहरांवर अडून बसले.

1940-41 मध्ये ब्रिटन एकटा उभा होता आणि जर्मनीपर्यंत पोचायला विमानांशिवाय साधन नव्हतं, ही अडचण मी हलकी मानत नाही. पण फेब्रुवारी 1945 मध्ये ड्रेस्डेन जाळताना ती उरलेली नव्हती. तिथे 25 हजारांपर्यंत माणसं मेली. आणि गरज इतकी उघड होती तर ती लपवायची कशाला? आमचं लक्ष्य लष्करीच आहे, असं हवाई मंत्री सिंक्लेअर संसदेत वारंवार सांगत राहिले. ऑक्टोबर 1943 मध्ये खुद्द हॅरिस यांनीच मंत्रालयाला लिहिलं, की शहरं उद्ध्वस्त करणं आणि कामगार मारणं हा हेतू आहे हे उघड सांगा. ते सांगितलं गेलं नाही. 9 फेब्रुवारी 1944 रोजी बिशप जॉर्ज बेल यांनी लॉर्ड्सच्या सभागृहात सरळ जाब विचारला, आणि देशभरातून रोष ओढवून घेतला. ज्या तरुणांना विमानांत बसवून पाठवलं, त्या सुमारे सव्वा लाखातले 55,573 मेले. त्यांच्यापुढेही हिशेब खरा मांडायला हवा होता.

युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या जोड-करारातलं कलम 51 शहरातली वेगवेगळी लष्करी लक्ष्यं एकच समजून सगळ्या भागावर बॉम्ब टाकायला मनाई करतं. भारताने आणि अमेरिकेने तो जोड-करार अजून मंजूर केलेला नाही. त्याच कलमात प्रमाणाचा नियमही आहे: नागरिकांची अपेक्षित हानी अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने अवाजवी असू नये. दोन्हीकडे ‘अपेक्षित’, म्हणजे हल्ला करणाऱ्यानेच बांधलेला अंदाज. तो अंदाज आधी कोणी तपासावा आणि नंतर खरे आकडे कोणी जाहीर करावेत, हे कलम सांगत नाही. ते काम हल्ल्याचा आदेश देणाऱ्याच्या हाताखाली नसलेल्या माणसांकडे असावं, आणि त्यांचं म्हणणं विमानं उडण्याआधी ऐकलं जावं, अशी तरतूद त्यात व्हायला हवी.