प्रसाधन-कुंचले : खानदेशातील घरगुती वापर व निगा

चेहऱ्यावर पावडर, फाउंडेशन, गालांची लाली, पापण्यांवरील रंग व ओठांचा रंग लावण्यासाठी वापरले जाणारे केसांचे लहान कुंचले. प्रत्येक कुंचल्याचे तीन भाग असतात : लाकडी वा प्लॅस्टिकचा दांडा, केसांचा झुपका आणि दोहोंना जोडणारी धातूची नळी. या नळीला फेरूल म्हणतात. केस नळीच्या आत गोंदासारख्या रासायनिक चिकट द्रव्याने बसवलेले असतात. निगेचे बहुतेक नियम या एका सांध्यापाशी येऊन थांबतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बोलण्यात ‘ब्रश’ हाच शब्द रूढ असून जुन्या पिढीच्या तोंडी ‘बुरूस’ ऐकू येतो. ‘कुंचला’ हा शब्द चित्रकाराच्या साधनासाठी, तर ‘कुंचा’ हा भिंतीला चुना देण्याच्या साधनासाठी राखला गेला आहे.

‘कुंचा’ व ‘कुंचला’ या शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार त्यांचे मूळ संस्कृत ‘कूर्च’ (गवताची वा केसांची जुडी, दाढी) या शब्दात आहे. दुसरे मत त्यांचा संबंध झुपका, गोंडा या अर्थाच्या ‘कुच्चु’, ‘कुंचम्’ अशा द्राविडी शब्दांशी जोडते. अर्थाच्या दृष्टीने दोन्ही मते टिकतात. परंतु रेफ (अक्षरावरचा ‘र्’) जाऊन त्या जागी अनुस्वार येण्याची प्रवृत्ती मराठीत ‘मार्जार’पासून झालेल्या ‘मांजर’ या शब्दात स्पष्ट दिसते, त्यामुळे ‘कूर्च’चा पक्ष अधिक सबळ ठरतो. द्राविडी शब्दांचा प्रभाव पुढे अर्थ पक्का होण्यापुरता मानता येईल. तान्ह्या बाळाची ‘कुंची’ (टोपडे) येथे गोवू नये. तिचा अर्थविस्तार वेगळा आहे.

चेहऱ्यासाठी कुंचला नेमका केव्हापासून वापरात आला, हा प्रश्न याहून अवघड आहे. इसवी सनाच्या साधारण तिसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या कामसूत्रात नागरकाच्या (शौकीन शहरी पुरुषाच्या) खोलीत उटी, फुले यांच्याबरोबर चित्रफलक आणि ‘वर्तिकासमुद्गक’ असल्याचे सांगितले आहे. समुद्गक म्हणजे डबी, हे निर्विवाद आहे. वर्तिका म्हणजे काही अभ्यासकांच्या मते कुंचला, तर काहींच्या मते रंगाची कांडी. शेजारी चित्रफलकाचा उल्लेख असल्याने ही डबी चित्रकलेची समजावी, प्रसाधनाची नव्हे. त्याच ग्रंथातील 64 कलांमध्ये ‘विशेषकच्छेद्य’ येते. त्यात कपाळावरील तिलकासाठी पाने कापून आकृती करीत, म्हणजे तेथेही साधन पानाचे आहे, केसांचे नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या मानसोल्लासात वासराच्या कानाच्या केसांपासून केलेल्या कुंचल्याचे वर्णन मिळते, पण ते चित्रकाराच्या संदर्भात. जळगावहून सुमारे 60 किमी.वर असलेल्या अजिंठ्याच्या लेणे क्र. 17 मध्ये हाती आरसा घेतलेली, शृंगार करणारी राजस्त्री रंगवली आहे. अजिंठ्याचे अभ्यासक वाल्टर स्पिंक यांच्या कालगणनेनुसार हे काम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. इतर काही अभ्यासक लेण्यांच्या कामाला याहून दीर्घ काळ देतात. चेहऱ्यावरचा रंग बोटाने, पानाने व शलाकेने (बारीक काडीने), तर भिंतीवरचा रंग कुंचल्याने, अशी ही विभागणी दीर्घकाळ टिकली असावी. नेवासे येथील उत्खननात मिळालेल्या अंजनशलाका याच अनुमानाला बळ देतात.

खानदेशातील घरांत ही विभागणी अगदी अलीकडेपर्यंत जिवंत होती. फणेरपेटीत आरसा, फणी, मेणाचा व कुंकवाचा करंडा असे. अनामिकेने कपाळावर मेणाचा गोल टेकवून त्यावर कुंकू दाबले जाई; काजळ करंगळीने, गंध काडीने. लग्नात आंब्याच्या वा विड्याच्या पानाने हळद लावण्याची रीत आजही आहे. चेहऱ्यावर कुंचला चालवणारे पहिले लोक बहुधा सोंगे काढणारे कलावंत असावेत. नंदुरबार-धुळे भागातील सोंगाड्या पार्ट्यांत (लोकनाट्याच्या फडांत) पुरुषच स्त्रीभूमिका करीत, आणि सफेदा व काजळाच्या रेषा बोटाने सफाईने निघत नाहीत. घरोघरी ब्रश आला तो ब्यूटी पार्लर आणि लग्नातील ‘मेकअप’ यांच्या मागोमाग.

केस दोन प्रकारचे असतात. शेळी, खार इत्यादींच्या नैसर्गिक केसांवर खवल्यांसारखे थर असतात. त्यांत कोरडी पावडर अडकते आणि चेहऱ्यावर हळूहळू सुटते. नायलॉन व पॉलिएस्टरचे कृत्रिम केस गुळगुळीत असल्याने द्रव शोषत नाहीत. म्हणून फाउंडेशन व क्रीम यांना तेच योग्य. नायलॉनचे केस प्रथम 1938 मध्ये दात घासण्याच्या ब्रशात आले. भारतात कुंचलेनिर्मितीचे जुने केंद्र उत्तर प्रदेशातील बिजनोर जिल्ह्यातले शेरकोट हे आहे. चित्रकलेच्या कुंचल्यांसाठी मुंगसाचे केस वापरले जात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये मुंगसाची शिकार व त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. केसांचे नाव न सांगता कोणी ‘अस्सल केसांचा’ म्हणून ब्रश विकत असेल, तर तो घेऊ नये.

वापराविषयी विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. मोठा गोल ब्रश पावडरीला, तिरपा कापलेला लालीला, चपटा दाट फाउंडेशनला, बारीक टोकाचा पापणीला व ओठांना.

निगेत मात्र खानदेशाचे पाणी आडवे येते. काळ्या पाषाणातील विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा पांढुरका साका तयार करतात. हा साका केसांवर बसला की ब्रश धुऊनही चरबट लागतो आणि गालावर टोचतो. म्हणून अंगाचा वा कपड्यांचा साबण टाळून सौम्य शाम्पू वापरावा; त्यातील प्रक्षालक असा साका धरत नाहीत. रिठ्याचे पाणीही चालते, मात्र ते डोळ्यांना झोंबते. म्हणून पापणीच्या ब्रशाला लावू नये. शेवटचे खळबळणे पिण्याच्या गाळलेल्या (आरओ) पाण्यात वा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करावे.

धुण्याची रीत अशी : ब्रशाचे तोंड खाली धरून फक्त केस कोमट पाण्यात भिजवावेत. तळहातावर शाम्पूचा थेंब घेऊन त्यावर ब्रश हलकेच गोल फिरवावा. पहिला फेस गव्हाळ-तपकिरी येतो, दुसरा फिका. पाणी नितळ उतरेपर्यंत हे करावे. पाणी नळीत शिरले तर चिकट द्रव्य सैल होते, दांड्याचे लाकूड फुगते आणि काही दिवसांनी केस गालाला चिकटून येऊ लागतात.

हळदीच्या डागाचा येथे वेगळा विचार करावा लागतो. हळदीच्या कार्यक्रमानंतर नवरीच्या चेहऱ्यावर फिरलेला पांढऱ्या केसांचा ब्रश पिवळा पडतो. तो कपड्याच्या साबणाने घासला तर पिवळा डाग पाहता पाहता तांबडा होतो आणि घरात अपशकुनाची कुजबुज सुरू होते. त्यात अशुभ काही नाही. हळदीतील कुर्क्युमिन क्षारयुक्त पदार्थाने तांबडे होते. हळदीला चुना मिळवून कुंकू करतात तेही याच गुणावर. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी खोबरेल तेलाची दोन बोटे केसांवरून ओढावीत, मग शाम्पू. उरलेली पिवळी झाक उन्हाने फिकी होते, पण येथे सकाळचे कोवळे ऊनच घ्यावे. भुसावळ-जळगावचा पारा एप्रिल-मेमध्ये अनेकदा 45 अंश सेल्सियसच्या वर जातो. तापलेल्या पत्र्यावर ठेवलेल्या ब्रशाचा सांधा ढिला पडतो व नैसर्गिक केस भुरभुरीत होतात.

एरवी वाळवणे सावलीतच करावे. ब्रश पेल्यात उभा ठेवू नये, पाणी नळीत उतरते. पाट वा टेबलाच्या कडेवर आडवा, केस कडेबाहेर येतील असा ठेवावा. बाजेच्या दोरीला उलटा अडकवला तर उत्तमच. वैशाखातील वावटळीची धूळ आणि कापसाच्या हंगामातील तंतू ओल्या केसांना चिकटतात. वरून सुती फडके घालावे. पावसाळ्यात पूर्ण वाळण्याआधी डबीत बंद केलेल्या ब्रशाला बुरशी धरते.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी ही संस्था ब्रश दर 7 ते 10 दिवसांनी धुण्याची शिफारस करते. ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठाच्या 2019 मधील अभ्यासात प्रसाधनाचे 93% स्पंज कधीच धुतले गेले नव्हते, असे आढळले. खानदेशात खरा धोका आहे तो सामायिक वापराचा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जमलेल्या लेकी, मांडवातील करवल्या यांच्यात एकच पेटी हातोहात फिरते. हा जिव्हाळा मोडण्याचे कारण नाही. पावडरीचा मोठा ब्रश मधे धुऊन वाळवून वापरता येतो. डोळ्यांचे व ओठांचे ब्रश मात्र प्रत्येकीचे वेगळेच असले पाहिजेत. डोळे येण्याची साथ असताना, चेहऱ्यावर पिकलेली मुरमे वा ओठांवर ‘जर’ (बारीक फोड) उठले असता कोणताही ब्रश दुसऱ्याला देऊ नये. घाईच्या वेळी 70 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून ब्रश पूर्ण सुकू देतात, पण त्याने केसांत रुतलेला तेलकट रंग निघत नाही आणि नैसर्गिक केस रुक्ष होतात.

नीट सांभाळलेला ब्रश अनेक वर्षे टिकतो. नळी डुगडुगू लागली, धुऊनही वास राहिला वा केस सतत गळू लागले की तो चेहऱ्यावरून उतरवावा. असे उतरवलेले ब्रश शिवणयंत्राच्या शटलमधील कापसाचा भुगा काढायला घराघरांत वापरले जातात.