श्वसन बंद केले की यीस्ट जास्त इथेनॉल देते का?

यीस्ट ऑक्सिजन नसतानाच अल्कोहोल (म्हणजे इथेनॉल) तयार करते, त्यामुळे त्याच्या श्वसनाची जनुके निकामी केली की इथेनॉलचे उत्पादन भरमसाट वाढेल, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्याचा पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा फारच अर्धवट. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हे नेहमीचे यीस्ट भरपूर ग्लुकोज मिळताच, भोवती ऑक्सिजन असला तरी, श्वसनाची बरीच जनुके स्वतःच दाबून ठेवते आणि किण्वनाकडे, म्हणजे साखरेपासून इथेनॉल बनवण्याकडे, वळते. यालाच क्रॅबट्री परिणाम म्हणतात. म्हणजे आपण जे बंद करू पाहतो, ते साखरेने आधीच बऱ्यापैकी बंद केलेले असते.

शिवाय १८० ग्रॅम ग्लुकोजपासून फार तर ९२ ग्रॅम इथेनॉल मिळते, उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. ही मर्यादा रसायनशास्त्राची आहे आणि जनुके बदलून ती ओलांडता येत नाही. मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील श्वसनाच्या भागाचा डीएनए गमावल्याने श्वसन करू न शकणाऱ्या ‘पेटिट’ यीस्टच्या वसाहती ग्लुकोजवर ठेंगण्या राहतात, श्वसनाशिवाय वापरता न येणाऱ्या ग्लिसरॉलवर तर वाढतच नाहीत, आणि अशा पेशींची इथेनॉल सोसण्याची ताकदही बहुधा कमी असते.

हवा खेळवलेल्या टाकीत श्वसनाला कात्री लावल्यास फायदा होऊ शकतो, कारण तेथे काही साखर श्वसनात खर्ची पडते; बंद टाकीत मात्र मोठी गळती ग्लिसरॉलची असते, म्हणजे काही साखर इथेनॉलऐवजी ग्लिसरॉल बनवण्यात जाते. म्हणूनच ग्लिसरॉल बनवण्यासाठी लागणाऱ्या जीपीडी१ आणि जीपीडी२ या जनुकांवर बरेच काम झाले आहे. अर्थात दोन्ही एकदम काढून टाकली तर ऑक्सिजनविना यीस्टची वाढच थांबते, कारण ग्लिसरॉल बनवताना खर्च होणारे जादा एनएडीएच (पेशीतील इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) रिचवायला त्याच्याकडे दुसरी वाट उरत नाही.