'पाणी'त अक्षरं किती? रूबीला विचारा, आणि नाही पटलं तर शिकवा

रूबी या प्रोग्रामिंग भाषेला 'पाणी' हा शब्द देऊन त्याची लांबी विचारली, तर उत्तर येतं ४. प, काना, ण, वेलांटी असे सुटे भाग ती मोजते. आपल्या लेखी अक्षरं दोनच. आपल्यासारखं मोजायची सोय रूबीत २.५ आवृत्तीपासून आहे, पण त्यासाठी आधी शब्दाचे तुकडे पाडायचे आणि मग ते मोजायचे. स्ट्रिंगलाच, म्हणजे रूबीतल्या मजकुराच्या तुकड्यालाच, 'अक्षरसंख्या' नावाची मेथड (नावाने हाक मारून करून घ्यायचं काम) असती तर?

ती आपणच देऊ शकतो. क्लास म्हणजे एका प्रकारच्या सगळ्या वस्तूंचा साचा. 'क्लास स्ट्रिंग' लिहायचं, आत मेथड लिहायची, 'एंड' म्हणून मिटवायचं. नवा क्लास तयार होत नाही. भाषेसोबत आलेला मूळ क्लासच पुन्हा उघडतो. मेथडचं नाव देवनागरीत असलं तरी रूबीची हरकत नसते. गंमत म्हणजे आधीच तयार झालेल्या स्ट्रिंगनाही ही मेथड लगेच वापरता येते. कारण प्रत्येक स्ट्रिंग स्वतःच्या मेथड बाळगत नाही. हाक आली की रूबी त्या क्षणी क्लासमध्ये शोधते, तिथे नाही मिळाली तर त्याच्या पूर्वजांकडे जाते.

युकिहिरो मात्सुमोतो यांची रूबी १९९५ साली लोकांसमोर आली. जावा ही भाषाही त्याच वर्षीची, पण तिथे स्ट्रिंगचा क्लास कुलूपबंद. रूबीच्या मोकळेपणाचा पुरेपूर फायदा रेल्सने, म्हणजे वेबसाइट बनवायच्या रूबीतल्या चौकटीने, उठवला: तिथे ३ या आकड्यालाच 'डेज' आणि पुढे 'अगो' विचारलं की तीन दिवसांपूर्वीची वेळ मिळते. वाचायला फार गोड.

पण उघडलेला क्लास सगळ्यांसाठीच उघडतो. दोन लायब्रऱ्यांनी (आयत्या वापरायच्या कोडच्या संचांनी) एकाच नावाची मेथड घातली, तर नंतर लोड झालेली टिकते, आणि एरवी रूबी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. नवी मेथड घालणं एक वेळ ठीक. असलेली बदलणं म्हणजे खेळ. पूर्णांकांची बेरीजसुद्धा बदलता येते, मग आतल्या कुठल्या हिशेबाचं काय होईल ते सांगवत नाही. या प्रकाराला मंकी पॅचिंग म्हणतात.

कधी टक्कर खुद्द भाषेशीच होते. रेल्सने याद्यांना 'सम' मेथड दिली होती. स्ट्रिंगची यादी दिली की ती त्या जोडून द्यायची. रूबी २.४ ने स्वतःची 'सम' आणली. ती शून्यापासून बेरीज सुरू करते, म्हणून स्ट्रिंग दिसताच अडते. पुढे रेल्सलाच आपली रीत सोडावी लागली.

२०१३ च्या रूबी २.० मध्ये यावर तोडगा आला: रिफाइनमेंट. बदल एका मॉड्यूलमध्ये (नाव दिलेल्या कोडच्या गठ्ठ्यात) लिहून ठेवायचा आणि हवा त्या फाइलमध्ये 'यूझिंग' म्हणून मागवायचा. दुसऱ्यांना द्यायची लायब्ररी लिहिणाऱ्याने तरी हाच रस्ता धरावा, असं माझं मत. मग या फाइलमध्ये 'पाणी'ची अक्षरसंख्या २ येते, आणि 'यूझिंग' नसलेल्या शेजारच्या फाइलमध्ये रूबी म्हणते, अशी मेथडच नाही.