छातीतील वेदना : प्रथमोपचार

छातीत अचानक दुखू लागलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार मिळेपर्यंत करायची तातडीची मदत. दुखणे स्नायूंचे, आम्लपित्ताचे, फुप्फुसाचे किंवा हृदयाचे असू शकते. त्याचा निवाडा ईसीजीशिवाय डॉक्टरांनाही अवघड जातो, त्यामुळे मदत करणाऱ्याने निदानाच्या फंदात न पडता ते हृदयाचेच आहे असे धरून चालावे.

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी बहुधा गुठळीने बंद होते आणि गुठळीच्या पुढचा, रक्त न मिळालेला स्नायू मरू लागतो. छातीच्या मधोमध दाब येतो किंवा आवळल्यासारखे होते. कळ हात, पाठ, मान किंवा जबड्यापर्यंत जाते, दरदरून घाम फुटतो. कुठे दुखते असे विचारल्यावर काही रुग्ण बोट न ठेवता आवळलेली मूठच छातीवर धरतात. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये मात्र छातीत फारसे न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच असू शकते. ‘गॅस झाला असेल’ म्हणत वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. पित्ताच्या औषधाने बरे वाटले, तरी हृदयाचा धोका टळला असे होत नाही.

रुग्णवाहिका आधी बोलवावी, बाकीचे नंतर. रुग्णाला पाठीला आधार देऊन, गुडघे दुमडून बसते करावे, कपडे सैल करावेत. त्याला चालवू नये, जिने चढू-उतरू देऊ नयेत. स्वतः गाडी चालवत रुग्णालयात तर मुळीच जाऊ देऊ नये. दुखणे कधी सुरू झाले ती वेळ टिपून ठेवावी.

शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाला सुमारे ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला देतात. अख्खी गिळलेली गोळी रक्तात उशिरा उतरते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘आयसिस-२’ चाचणीत ॲस्पिरिनमुळे पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटले. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव असेल, अथवा पाठ फाटल्यासारखी वेदना असेल, तर ती देऊ नये. अशा वेदनेत महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचा) थर फाटलेला असू शकतो आणि तसे असल्यास ॲस्पिरिनने अपायच होतो. जिभेखाली ठेवायची नायट्रेटची (रक्तवाहिन्या रुंदावणारी) गोळी रुग्णाच्या स्वतःच्या नावावर लिहून दिलेली असेल तरच द्यावी. शेजाऱ्याची उसनी गोळी रक्तदाब घातक पातळीपर्यंत खाली आणू शकते, विशेषतः रुग्णाने सिल्डेनाफिल (लैंगिक दुर्बलतेवरचे औषध) घेतले असेल तर.

रुग्ण बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला किंवा तो अधूनमधून आचके देऊ लागला, तर हृदय बंद पडले असे समजून सीपीआर सुरू करावा : छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब. जवळ स्वयंचलित डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देऊन त्याची लय पूर्ववत करणारे यंत्र) असेल तर तो लगेच लावावा. जोरजोराने खोकत राहिल्यास झटका थांबतो, हा मोबाइलवर फिरणारा सल्ला निराधार आहे.